फिश टँक गळू लागला तर

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे 250 लिटर, म्हणजे अडीच क्विंटल पाणी मावते. त्याचा दाब काचेच्या जोडांवर रात्रंदिवस असतो, तळाशी सर्वांत जास्त.

ओल दिसली की आधी बोर्डावरचे बटण बंद करा, मगच पाण्यात हात घाला. बाहेरची काच पुसून जोडांलगत टिश्यू पेपर लावा. तो भिजेल तिथे गळती. कधी कधी दोष जोडाचा नसून हवेच्या नळीचा किंवा फिल्टरचा असतो.

गळती जोडातूनच असेल तर टँकचेच पाणी बादलीत घेऊन मासे त्यात सोडा, एअर पंप लावा. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ठेवा. नळाखाली धुतल्यास त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात.

बाहेरून सिलिकॉन फासून उपयोग नाही. आतल्या पाण्याचा दाब ते ढकलून देतो. नवे सिलिकॉन जुन्याला नीट धरत नाही. म्हणून आतली जुनी पट्टी ब्लेडने खरवडा, काच स्पिरिटने पुसून कोरडी करा. बाथरूमचे बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक ठरते. दुकानात फिश टँकसाठीचेच मागा. किमान 48 तास वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास उरला असेल तर आणखी थांबा.

मग टँक सपाट जागी, थर्माकोलवर ठेवून दोन दिवस नुसते पाणी भरून पाहा. मासे त्यानंतरच.

काचेला तडा गेला असेल किंवा दोन काचांमधलाच जोड सुटला असेल, तर घरगुती डागडुजी नको. टँक कारागिराकडून नव्याने जोडून घ्या.