बोट टोचतच आहात, तर हेपटायटिस सी पण तपासा

मी जव्हार तालुक्यातल्या वांगणीत आशा म्हणून काम करते. ताप आला की आमच्या पाड्यांवर पहिला प्रश्न असतो, "बाई, सुई देणार ना?" नुसत्या गोळ्या दिल्या की तोंड पडतं. वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली माणसं तिथे पैसे मोजून सुई टोचून घेतात. ती नव्या पाकिटातली होती का, हे कोण बघतो? हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणू पसरतो तो वापरलेल्या सुईने, न तपासलेल्या रक्ताने, एकाच सुईने अनेकांना गोंदल्याने. एका ताटात जेवल्याने नाही. पावसाळ्यात पाण्यातून होणारी कावीळ वेगळी, हे मला घरोघर सांगावं लागतं.

ज्यांना सीची लागण होते, त्यांतल्या शंभरातल्या सत्तरेक जणांच्या अंगात हा विषाणू ठाण मांडतो. त्यांतल्या पंधरा ते तीस टक्क्यांचं यकृत वीस वर्षांत आकसून कडक होतं. तोवर माणूस भात लावतो, लाकडं वाहतो, काही दुखत नाही. पोटात पाणी झालं की लोक म्हणतात, दारूने झालं. दारूला कधी न शिवलेल्या बाईलाही हेच ऐकावं लागतं, तेव्हा माझा जीव जळतो.

आणि औषध आहे! साधारण बारा आठवडे गोळ्या, शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. पण आजार कळलाच नाही, तर गोळी द्यायची कुणाला?

तपासायची वाट तर तयार आहे: सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं. त्यात चाळिशीपर्यंतच्या माणसांचं रक्त तपासायचं ठरलंय. बोट टोचतच आहात, तर एक थेंब सीच्या पट्टीवरही टाका. चाळिशीपुढच्यांनाही बोलवा, जुन्या सुया त्यांनीच जास्त घेतल्यात. रक्तपेढ्यांत सीची चाचणी २००१ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं, त्यांना पहिलं घ्या. पट्टीवर खूण उमटली, तर विषाणू अजून अंगात आहे का ते बघायला दुसरी चाचणी लागते. त्यासाठी नमुना जव्हारहून पुढे पाठवा, माणसाला ठाण्या-मुंबईला धाडू नका. त्याची मजुरी बुडते, मग तो परत येत नाही.

इजिप्तमध्ये तर सरकारी मोहिमेतल्या सुयांनीच सी पसरला होता. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास पाच कोटी माणसं तपासली. आमच्या तालुक्यातले पाडे त्यापुढे किती?

दिवाळीनंतर लोक घरांना कुलपं लावून भट्ट्यांवर निघतात. तपासणी त्याआधी ठेवा.