संसाराचा ताळेबंद : गाडीला दुहेरी काच बसवावी का?



राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी. ही श्रीमंतांची चैन, असे कोणी म्हणेल. पण आपली माणसे गाडीत मुक्काम करायला फार आधीच शिकली. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, वेरूळ-अजिंठा, कितीतरी रात्री आपण टेम्पोत नि मिनी बसमध्येच काढल्या.

आमच्या वस्तीतल्या चार कुटुंबांनी भिशीच्या पैशांतून जुनी मिनी बस घेतली. आत झोपायला फळ्या, कोपऱ्यात गॅसची शेगडी. गॅरेजवाला म्हणाला, "खिडक्यांना दुहेरी काच बसवा. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब." उरलेला सगळा पैसा त्यातच जाणार होता. म्हणून मंडळी वही घेऊन माझ्याकडे आली. तो हिशेब सर्वांच्याच उपयोगी पडेल.

दुहेरी काचेत दोन थरांमध्ये हवा कोंडलेली असते. त्यामुळे आतली उष्णता बाहेर आणि बाहेरची आत सहज जात नाही. समजा, गाडीला चार चौरस मीटर काच आहे आणि आत-बाहेर १० अंशांचा फरक आहे. एकेरी काचेतून सुमारे २३० वॅट उष्णता जाते, दुहेरीतून सुमारे ११०. बचत झाली १२० वॅटची, म्हणजे साठ वॅटच्या दोन जुन्या बल्बएवढी.

आता उन्हाचा हिशेब पाहा. दुपारनंतर दोन चौरस मीटर काचेवर थेट ऊन आले की हजार वॅटच्या आसपास उष्णता आत शिरते. घरातली इस्त्री तासन्‌तास चालू ठेवल्यासारखेच हे. साधी पारदर्शक दुहेरी काच त्यातली थोडीच अडवते. शिवाय उन्हात उभी असलेली गाडी बाहेरच्या हवेपेक्षा आतून जास्त तापते. एसी नसेल, तर अशा वेळी दुहेरी काच बंद ठेवून आतली उष्णता आतच कोंडायची. म्हणजे पैसे देऊन उकाडा विकत घ्यायचा!

मग पैसा कुठे लावावा? पहिला छतावर. पत्र्याच्या घरावर आपण उन्हाळ्यात चुना का मारतो? छतावर दिवसभर ऊन असते म्हणून. गाडीचे छत पांढरे करावे, आतून उष्णतारोधक थर देऊन वर प्लाय ठोकावा. उघडा थर्माकोल मात्र लावू नये, तो झटकन पेट घेतो आणि शेगडी जवळच असते. दुसरा खर्च सावलीचा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा काचेच्या बाहेरच हिरवी जाळी किंवा ताडपत्री बांधावी. हे काम शे-दोनशे रुपयांच्या घरातले आहे. तिसरा खर्च हवेचा. समोरासमोरच्या खिडक्या उघडतील, जाळी लागेल, छोटा पंखा चालेल, एवढे पाहावे.

हिवाळ्यात काचेवर पाणी जमते ते आपल्याच श्वासातले. दुहेरी काचेने ते कमी होते हे खरे. पण दोन बोटे खिडकी उघडी ठेवली तरी कमी होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. नगरच्या थंडीला एक जादा गोधडी पुरते. गाडी हिमाचल-लडाखकडे न्यायची असेल, आत हीटर किंवा एसी नेहमी चालणार असेल, किंवा जुनी खिडकी गळते म्हणून बदलायचीच असेल, तर दुहेरी काचेचा विचार जरूर करावा.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. नवी खिडकी बसवताना संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी कधीही बंद करू नका. गाडीला सुरक्षा काचच लागते. काळी फिल्म लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली आहे. बाके काढली, रचना बदलली, तर एमएच-१६ असो की एमएच-१७, परिवहन कार्यालयात आधी विचारा आणि आरसी बुकात नोंद करून घ्या. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात. आणि बंद गाडीत इंजिन चालू ठेवून किंवा शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. काच जितकी घट्ट, तितका हा धोका मोठा.

चारही घरांतल्या बायकांना मी विचारले, तुमचे म्हणणे काय? एक ताई म्हणाल्या, "भाऊ, शेगडीपाशी आम्हीच बसणार. आम्हाला वारा पाहिजे, काच नको." हिशेबाच्या वहीत जे निघाले, तेच त्या अनुभवावरून बोलल्या. कुटुंबाचा पैसा खर्च करताना उकाडा सोसणाऱ्याचे मत आधी घ्या. गोड बोलून माल खपवणाऱ्याचे नंतर ऐका.

त्या मंडळींनी छत आणि जाळीचे काम काढले. उरलेला पैसा नव्या टायरसाठी बाजूला ठेवला आहे.