विश्लेषण : जुन्या बाइकला डिस्क ब्रेक बसवला की ती सुरक्षित होते का?

तारापूर एमआयडीसीत पाळी बदलली की बोईसरच्या रस्त्यांवर दुचाकींची गर्दी होते. त्यात ड्रम ब्रेकच्या जुन्या शंभर-सव्वाशे सीसी बाइकही असतात. याच रस्त्यांवरून कारखान्यांचे टँकर महामार्गाकडे जातात. पावसाळ्याआधी पुढे डिस्क बसवून घ्यावा का, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा आहे.

नियम काय सांगतो?

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्याखालील गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक लागतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा अधिसूचना काढून, १ जानेवारी २०२६ पासून छोट्या इंजिनच्या नव्या दुचाकींनाही एबीएस सक्तीचे करण्याचा प्रस्ताव मांडला. मात्र हे सारे नव्या गाड्यांसाठी आहे. घरातली जुनी बाइक त्यात येत नाही.

डिस्क आणि एबीएसमध्ये फरक काय?

डिस्क ब्रेक चाकाला अधिक जोरात पकडतो. चाक लॉक होऊ लागले, तर ते सेन्सरवरून ओळखून एबीएस ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा देते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि हँडल ताब्यात राहते. ब्रेक दाबताच वजन पुढे येते, म्हणून गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. पण ओल्या, तेलकट रस्त्यावर पुढचे चाक लॉक झाले तर गाडी क्षणात आडवी होते. एबीएसविना नुसता डिस्क बसवल्यास हा धोका जात नाही, उलट सवय नसलेल्या हातात वाढू शकतो.

बाहेरून बसवता येते का?

डिस्कसाठी फोर्क, हब, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर त्याच मॉडेलला जुळणारे लागतात. एबीएसला सेन्सर, वायरिंग आणि त्या गाडीसाठीच बेतलेले कंट्रोल युनिट हवे. ते नाक्यावरच्या गॅरेजचे काम नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्यामुळे आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

वेगाचा हिशेब काय?

ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि रस्ता ओला असेल, तर थांबायला एकूण ५० मीटरच्या आसपास लागतात. वेग ४० असेल तर हेच अंतर जवळपास निम्मे होते.

मग आधी काय करावे?

झिजलेले ब्रेक शू आणि गुळगुळीत टायर बदलावेत, केबल ताणून घ्यावी. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून शू सुकू द्यावेत आणि मगच वेग वाढवावा.