काळा मासा, पण करपलेला नव्हे



मोठ्या दुकानांतून हल्ली ‘कॅजुन मसाला’ नावाच्या छोट्या बाटल्या दिसतात. मोबाइलवर पाहून मुलेही ‘ब्लॅकन्ड फिश’ करण्याचा हट्ट धरतात. बाटलीवरचा मजकूर वाचून पाहावा. तिखट, मीठ, मिरी, लसूण, कांदा आणि थोडा वाळलेला पाला, एवढाच तो ऐवज! यातले बहुतेक जिन्नस आपल्या डब्यांत आहेतच. मग बाटलीला पैसे कशाला मोजायचे? या आठवड्यात आपण हा मसाला घरीच करू.

पण आधी तो आला कोठून ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचे राज्य आहे. तेथील कॅजुन लोकांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे. इंग्रजांनी 1755 पासून त्यांना कॅनडातून हाकलले आणि त्यांपैकी बरेचजण पुढे लुइझियानात आले. शेती, मासेमारी करून ते जगले. शाळेत आपली बोली बोलली म्हणून त्यांच्या मुलांना शिक्षा होई. अशाच समाजातल्या, दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्या घरात 1940 साली पॉल प्रुडहोम जन्मला. तेरा भावंडांत तो धाकटा. घरी शीतकपाट नव्हते, त्यामुळे रोजचे ताजे रोज रांधायचे. आईच्या हाताखाली तो स्वयंपाक शिकला. 1979 साली त्याने व त्याच्या पत्नीने न्यू ऑर्लिन्स शहरात ‘के-पॉल्स’ नावाची खाणावळ काढली. तेथे त्याने लोखंडी तव्यावरचा हा काळा मासा केला आणि त्यासाठी दाराबाहेर रांगा लागू लागल्या. ही काही कॅजुन लोकांची पिढीजात रीत नव्हे. ती त्याची स्वतःची युक्ती. पण हात मात्र आईने घडवलेला. 2015 साली तो वारला. खाणावळही 2020 साली बंद झाली. मसाला राहिला.

आता मुख्य मुद्दा. हा मासा काळा दिसतो तो जळल्यामुळे नव्हे. वितळलेल्या लोण्यात दुधाचे कण असतात. तापलेल्या तव्यावर ते कण आणि मसाला मिळून गडद तपकिरी, जवळजवळ काळे होतात. त्याची खरपूस पापडी बनते आणि आतला मासा रसाळ राहतो. म्हणून येथे तेल किंवा तूप घेऊन तसा रंग येत नाही. आपण मासळीला आले-लसणाचे वाटण, हळद, कोकम लावून मुरवतो. ती चव वेगळी आणि आपल्या जागी उत्तमच. येथे मात्र ओले वाटण चालत नाही. ओलाव्याने मासा वाफेवर शिजतो, पापडी धरत नाही. मसाला कोरडाच हवा.

साहित्य (चहाच्या चमच्याने): ब्याडगी मिरचीचे तिखट 3 चमचे, झणझणीत तिखट 1 चमचा, लसूण पूड 1 चमचा, कांदा पूड 1 चमचा, काळी मिरी पूड पाऊण चमचा, पांढरी मिरी पूड पाऊण चमचा, थाईम व ऑरेगॅनो हा वाळलेला पाला प्रत्येकी अर्धा चमचा.

पांढरी मिरी नसेल तर काळी मिरीच सव्वा चमचा घ्यावी. थाईम नसेल तर खुशाल पाव चमचा ओवा भरडून घालावा. दोहोंचा वास मुख्यतः थायमॉल या एकाच द्रव्याचा असतो. ऑरेगॅनो नसला तरी अडत नाही. कांदा-लसूण पातळ चिरून कडक उन्हात वाळवावा. मोडताना कट्‌कन आवाज आला की कुटावा. मीठ मात्र मसाल्यात मिसळू नये. बाटलीतल्या मसाल्यात मीठ आधीच घातलेले असते, ते कमी करता येत नाही. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर मीठ आपल्या हाती राहिलेले बरे. मसाला कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा. पावसाळ्यात ओला चमचा घालू नये.

कृती: बोटाएवढ्या जाडीचे, काटे काढलेले चार तुकडे घ्यावेत. धुऊन स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपावेत. अंदाजे 60 ग्रॅम लोणी वितळवावे, पण कढवून तूप होऊ देऊ नये. बाजारचे बटर खारट असते, ते घेतल्यास वरून मीठ घालू नये. लोखंडी किंवा बिडाचा तवा मोठ्या आचेवर चांगला तापवावा. तुकडा लोण्यात बुडवावा, दोन्ही बाजूंना मिळून चमचाभर मसाला व बेताचे मीठ भुरभुरावे आणि लगेच तव्यावर टाकावा. एका बाजूस दोन मिनिटे, उलटून आणखी दोन. वर लिंबू पिळावे. भाकरी किंवा भात, दोहोंबरोबर चालतो. राखाडी दिसला आणि कडू लागला तर तो करपला असे समजावे.

सावधगिरी: याचा धूर फार होतो आणि मिरचीचा धूर घशाला झोंबतो. एका खोलीच्या घरात दारे-खिडक्या उघडून, लहान मुलांना व दमेकऱ्यांना बाहेर पाठवूनच करावे. अंगणात चूल असेल तर उत्तम. जागा कोंदट असेल तर आच मध्यम ठेवून तीन-चार मिनिटे प्रत्येक बाजू भाजावी. रंग थोडा फिका येईल, चव फारशी जात नाही. नॉनस्टिक तवा चुकूनही घेऊ नये. फार तापला की त्याच्या थरातून विषारी धूर निघतो. लोण्याने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे.

मासा कोणता घ्यावा? प्रुडहोमने ‘रेडफिश’ घेतला होता. तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. त्याच्या पदार्थाचे नाव झाले आणि जो तो रेडफिशच मागू लागला. परिणामी मेक्सिकोच्या आखातात तो मासा इतका उपसला गेला की 1980 च्या दशकातच सरकारला त्याची व्यापारी मासेमारी रोखावी लागली. एका माशामागे सगळे लागले की काय होते, याचा हा धडा आहे. तेव्हा सुरमई-रावसासाठी अडून बसू नये. ढोमा, चिलापी, कटला, ज्या दिवशी जो स्वस्त व ताजा मिळेल तो घ्यावा. मसाल्याला त्याचे वावडे नाही.

जाता जाता एवढेच सांगतो की, मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली आणि आपलीच झाली. मग तिकडचा हा मसाला आपल्या खलबत्त्यात कुटायला संकोच कशाला? आणि बंधूंनो, तवा तापवण्याचे काम एखाद्या रविवारी तुम्ही हाती घ्या. प्रुडहोमही आईजवळ उभा राहूनच शिकला होता.