आत्तापुरता

गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडच्या आसपास खड्ड्यात डावा पुढचा टायर गेला. साधं पंक्चर नाही, बाजूची भिंतच फाटली. स्टेपनी काढली तर ती आधीच बसलेली. (हा माझा वेगळा आळस, त्यावर कधीतरी स्वतंत्र पोस्ट लिहीन.) जवळच्या दुकानात माझ्या मापाचा टायर नव्हता. माझ्या गाडीला १६५/८० आर १४ लागतो, त्याच्याकडे होता १८५/६५ आर १४.

"चौदाच हाय की सायेब. उलट रुंद हाय, पकड चांगली. आत्तापुरता घाला, चालतंय की."

घातला. चाललं. आठ महिने चाललं! घरी आल्यावर स्टेपनीचं पंक्चर काढून घेतलं, म्हणजे बरोबर मापाचा टायर आठ महिने डिकीत झोपून होता आणि चुकीचा रस्त्यावर धावत होता. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा रोज "या रविवारी बदलू" असंच चाललं होतं.

नंतर एकदा कागद-पेन घेऊन बसलो. त्या आकड्यांतला १४ म्हणजे फक्त रिमचा व्यास, इंचांत. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, आणि मधला म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. हिशोब केला तर माझा मूळचा टायर साधारण ६२० मिमी उंच आणि नवा ५९६. म्हणजे रिम तेच, पण चाक जवळजवळ अडीच सेंटिमीटरने बुटकं. मोठं चाक एका किलोमीटरला सुमारे ५१४ फेरे घेतं, तर लहान ५३४. वीस फेरे जास्त. शंभर किलोमीटरला दोन हजार!

हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. ते काम डिफरन्शियलचं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही सोय. माझ्या गाडीत तिला सरळ रस्त्यावरही सुट्टी नव्हती. आणि ब्रेकचं तर आणखीच. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारख्याच जोराने पकडतात, पण लहान चाकाची त्रिज्या कमी, त्यामुळे रस्त्यावर त्याचा रेटा जास्त पडतो आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. फरक थोडाच. कोरड्या रस्त्यावर, सवयीच्या हाताला जाणवणारही नाही इतका.

खरी गोम या 'सवयीच्या हाता'तच आहे. मी आठ महिने स्टिअरिंग नकळत किंचित उजवीकडे धरून चालवत होतो. मला ते माहीतही नव्हतं. लेकीला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. ती दोनदा म्हणाली, "बाबा, ही गाडी डावीकडे पळते." मी काय म्हणालो? "तुझा हात अजून बसला नाहीये."

मग पावसाळ्यात चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाटात ती चालवत होती, मागे आमची आई. वळणावर अचानक गुरं आली, तिने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढत जाऊन चाक डोंगराकडच्या चरात उतरलं. कोणाला काही झालं नाही. डावीकडे डोंगर होता म्हणून. सगळा दोष टायरचा असं मी म्हणणार नाही. ओला रस्ता होता, हात नवा होता. पण जो हात नवा होता त्यालाच गाडीतला दोष कळला होता, आणि मी तो त्या हाताचाच दोष ठरवला होता.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरची चाकं तर उघड उघड लहान-मोठी असतात. असतात ना, पण पुढची आणि मागची, आणि ती तशी ठरवून बनवलेली. डावं-उजवं मात्र तिथेही सारखंच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत तर पुढच्या-मागच्यांतला नको तो फरकही गिअरची पार वाट लावतो. इतकंच कशाला, एकाच मापाचा एक कोरा आणि एक गुळगुळीत टायर घेतला तरी उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो. म्हणून पुढचे दोन किंवा मागचे दोन, टायर बदलावेत ते जोडीनेच.

माझा राग त्या दुकानदारावर नाही. अडलेल्या माणसाला त्याने दुकानापासून घरापर्यंत पोचवलं. त्याने 'आत्तापुरता' म्हटलं होतं, आठ महिने मी केले. आपल्याकडे 'चालतंय की' हे अडचणीत फार उपयोगी पडतं, पण त्याला तारीख घालायला हवी. नाहीतर दोषाची आपल्याला सवय होते, आणि त्याची किंमत ज्याला सवय नाही तो मोजतो.

दुसऱ्याच दिवशी चिपळूणला पुढचे दोन्ही टायर बदलले. परतीच्या वाटेवर किल्ली लेकीच्या हातात दिली. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आता सरळ जातेय."

मी म्हटलं, "तू आधीपासून सरळच चालवत होतीस गं."

असो. तुमच्या स्टेपनीत हवा आहे ना? एकदा बघून या.