दशांशचिन्ह आणि शेरेबुक

गणिताच्या अध्यापनाची स्थानिक परिसराशी आणि लोकजीवनाशी सांगड घालावी, या आशयाचे परिपत्रक शाळेच्या दप्तरी दाखल झाले की त्याच्या पाठोपाठ विहित नमुना येतो, नमुन्याच्या पाठोपाठ छायाचित्रांचा तगादा येतो, आणि या साऱ्या खटाटोपात ज्या विद्यार्थ्यासाठी हा हुकूम निघाला त्याची अडचण मात्र जिथल्या तिथे राहते, अशी कैफियत आमच्या शिक्षक-वाचकांनी अलीकडे अनेक पत्रांतून मांडली आहे. त्यांपैकी एका पत्रातील हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला दशांश अपूर्णांक शिकवताना तेथील बाईंनी मुलांच्या घरची मोजमापे मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घेतली होती. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तो फळा पाहून 'अशुद्ध उदाहरणे आढळली. पाठ्यपुस्तकातील रीतीनेच अध्यापन करावे' असा शेरा शेरेबुकात नोंदवला, आणि त्याच भेटीत, भिंतीवरील ठिपक्यांच्या रांगोळीच्या तक्त्याकडे पाहून, 'परिसराशी सांगड' या रकान्यापुढे 'होय' असे लिहिले.

ज्या उदाहरणांना अशुद्ध ठरवण्यात आले ती कोणती होती, हे आता पाहू. एका मुलाने आपल्या घरची जमीन 'एकर १.३०' आणि चुलत्यांची जमीनही तितकीच, अशी मांडणी करून दोहोंची बेरीज ३.२० लिहिली होती. गावात एक एकर तीस गुंठ्यांची नोंद टिंब देऊन अशीच करतात. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, सबब साठ गुंठ्यांतून एक एकर बाजूला काढून तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, हा त्या मुलाचा हिशेब तलाठ्याच्या कचेरीतही मान्य झाला असता. दुसऱ्याने क्रिकेटच्या ४.३ आणि २.४ षटकांची बेरीज ७.१ केली होती, आणि सहा चेंडूंचे षटक ज्याला ठाऊक आहे त्याला तीत चूक सापडणार नाही. तिसऱ्या मुलीने साडेतीन किलो शेंगदाणे ३.३० किलो असे लिहिले होते, कारण साडेतीनची शाळा ३.३० वाजता भरते हे ती रोज वेळापत्रकात वाचते. पहिल्या दोघांची उत्तरे बरोबर असून ती दशमान पद्धतीची नाहीत, आणि तिसरीचे उत्तर चुकले असून त्या चुकीला सबळ कारण आहे. हा भेद ओळखणे हेच गणित-शिक्षकाचे खरे काम होय.

विद्यार्थी दशांशात चुकतो तेव्हा त्याचा पाया कच्चा आहे असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. परंतु वस्तुस्थिती अशी की, शाळेत दशांशचिन्ह भेटण्यापूर्वीच त्याला टिंबाचे तीन नियम पक्के अवगत झालेले असतात, चाळीसाचा, सहाचा आणि साठाचा, आणि चौथा, दहाचा नियम आपण त्याला जणू पहिलाच म्हणून सांगतो. या बाईंनी चारही टिंबे शेजारी शेजारी मांडून प्रत्येकाखाली एकच प्रश्न विचारला होता: उजवीकडचे किती जमले म्हणजे डावीकडे एक वाढतो? स्थानिक किमतीची संकल्पना याहून शुद्ध रीतीने कशी मांडता येईल, हे आम्हास तरी सुचत नाही. त्याच फळ्यावर त्यांनी पुढे सातबाराचा उतारा घेतला होता. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते आणि शंभर आरांचा हेक्टर होतो, म्हणून तेथील टिंब आपल्या दशांशचिन्हाशी तंतोतंत जुळते; दोन एकर वीस गुंठे जमीन उताऱ्यावर सुमारे १.०१ हेक्टर का दिसते, हे उलगडताना वर्ग गुंठ्यातून आरात आणि चाळीसातून शंभरात आपल्या पायांनी चालत गेला. याला अशुद्ध म्हणणाऱ्या लेखणीने तो शेरा मागे घ्यावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

बाजारात बिनचूक असलेला हिशेब वहीत का अडखळतो, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांविषयी तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिऱ्हाइकापुढे सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर देणारी मुले तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिल्यावर सुमारे ३७ टक्क्यांवर आली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृतींनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच आढळले, आणि त्याबरोबर उलट बाजूही दिसली: शाळेत चांगली आकडेमोड करणारी मुले बाजारातल्या साध्या हिशेबात मागे पडली. तात्पर्य, दोन्ही तीरांवर मुले उभी आहेत आणि मधला पूल शिक्षकानेच बांधावयाचा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचे तत्त्व आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अग्रभागी ठेवले त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. तरी त्याची अंमलबजावणी जर रांगोळीच्या तक्त्यावर आणि अपलोड केलेल्या छायाचित्रांवर मोजली जात असेल, तर दोष तत्त्वाचा नसून मोजणाऱ्याचा आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी वर्गात गेल्यावर भिंतीकडे पाहण्याऐवजी एका मुलाला जवळ बोलावून 'हे तू कसे काढलेस?' एवढे विचारावे आणि त्याचे उत्तर शेरेबुकात उतरवावे. त्यासाठी नवा नमुना लागत नाही.

परंतु सर्व दोष अधिकाऱ्यांच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. अडीच किलो वांग्यांचे पस्तीस रुपये दराने 'दोनाचे सत्तर, अर्ध्याचे साडेसतरा, झाले साडेसत्त्याऐंशी' असे तोंडी सांगणाऱ्या मुलीने वहीत तेच तीन ओळींत मांडले तर, उभी मांडणी नाही म्हणून अर्धा गुण कापणारे हात आपलेच आहेत. ती मुलगी वितरणाचा नियम वापरते आहे; पुढे बीजगणितात कंस सोडवताना आपण तिला तोच नियम नव्याने शिकवणार आहोत. अभ्यासक्रम पुरा होत नाही ही सबब आम्ही पुष्कळ ऐकली. न समजलेला अभ्यासक्रम पुरा झाला असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि हे आपल्यापैकी प्रत्येकास मनोमन ठाऊक आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, या महिन्यापासून आरंभ करा! आठवड्यातून एक तासिका मुलांच्या घरच्या हिशेबाला द्या: दूध डेअरीची पावती, ऊसतोडीची उचल, आठवडी बाजार, गवंड्याची दोरी, जे तुमच्या गावात असेल ते. मुलाची रीत त्याच्याच शब्दांत वहीत लिहवून घ्या, तिच्या शेजारी पुस्तकाची रीत मांडा, आणि दोन्ही एकच उत्तर का देतात, किंवा का देत नाहीत, यावर वर्गात चर्चा घडवा. गुण देताना दोन्ही रीती ग्राह्य धरा. शेरा विरुद्ध आला तर त्याखाली आपले लेखी उत्तर नोंदवा आणि दोहोंची नक्कल आम्हांकडे धाडा. मुलाचे नाव वगळून ती आम्ही या मासिकात छापू, आणि अशा नकलांचा संग्रह पुरेसा झाला म्हणजे तो घेऊन शिक्षण खात्याच्या दारी स्वतः जाऊ. एकट्या शिक्षकाचे उत्तर दप्तरात गाडले जाते; शेकडो शिक्षकांच्या उत्तराची दखल खात्यास घ्यावीच लागेल.