घशातला काटा आणि मनातला संशय

पंचवीसहून अधिक वर्षे कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करताना एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण दुखायचे काही थांबत नाही." वास्तविक रिपोर्ट नॉर्मल येणे ही आनंदाची बातमी. पण ज्याला घोटागणिक कळ येते, त्याच्यासाठी ती शिक्षा ठरते. त्या दिवसापासून घरातली माणसे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. दुखणे असते गळ्यात, ते नेऊन ठेवले जाते मनात. आणि रुग्ण जर बाई असेल, तर हे फारच लवकर होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, 'मानसिक' हे निदान शेवटी करायचे असते, कंटाळा आला म्हणून करायचे नसते. एका दुर्मिळ विकाराच्या उदाहरणाने ते सांगतो.

आपल्या दोन्ही कानांखाली, कवटीच्या तळापासून एकेक बारीक, टोकदार हाड खाली उतरते. जुन्या काळच्या बोरूसारखे. त्याचे नाव स्टायलॉइड. त्याची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते आणि त्याच्या टोकापासून दोरीसारखा एक अस्थिबंध गळ्यातल्या हायॉइड नावाच्या हाडापर्यंत जातो. काही जणांत हे हाड तीन सेंटिमीटरच्या पुढे वाढते, किंवा त्या दोरीत कॅल्शियम साठून तीच हाडासारखी कडक होते. मग टॉन्सिलच्या मागे ते टोक टोचू लागते. माशाचा काटा अडकावा तसे वाटते. घास गिळताना कळ थेट कानात जाते, कारण घशाच्या आणि कानाच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू एकमेकांशी जोडलेले आहेत. मान वळवली, जांभई दिली की चमक येते. कधी हे टोक मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीवर दाबते, तेव्हा दुखणे डोळ्यापर्यंत जाते, मान फिरवताच चक्कर येते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे डॉक्टर वॉट ईगल यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. सीटी स्कॅन तेव्हा जन्मालाही यायचा होता. ईगल यांच्याकडे होते साधे क्ष-किरण आणि स्वतःचे बोट.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. तीन वर्षे उजव्या बाजूला घसा आणि कान दुखत होता. आधी दाताचे दुखणे समजून दोन दाढा काढल्या गेल्या. मग मानेचा पट्टा झाला, आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, शेवटी झोपेच्या गोळ्या. वर्गात मोठ्याने वाचून दाखवणे त्यांनी सोडून दिले होते. "डॉक्टर, मी नाटक करत नाही हो," हे त्यांचे पहिले वाक्य. दुखणे सांगण्याआधी ते खरे आहे हे सांगावे लागावे, यापरते दुःख कोणते?

मी हातमोजा घालून टॉन्सिलच्या जागी बोटाने हलकेच दाबले. आत कडक टोक लागले आणि बाई कळवळून म्हणाल्या, "हेच! हेच ते!" त्याच जागी बधिर करणारे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत कळ थांबली. निदान जवळजवळ तिथेच झाले. सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्राने हाडाची लांबी आणि दिशा नेमकी दाखवली.

पण लांब हाड सापडले म्हणजे आजार सापडला असेही नव्हे. शंभरातल्या सुमारे चौघांचे हे हाड लांब असते असे मानतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे चित्र पाहून चाकू उचलणे हीदेखील चूकच. तक्रार, बोटाची तपासणी आणि चित्र, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. बसला तरी आधी औषधे, मग त्या जागी इंजेक्शने, आणि तरीही आयुष्य अडले असेल तर शस्त्रक्रिया.

ती दोन वाटांनी होते. तोंडातून केली तर बाहेर व्रण राहत नाही, पण जागा अरुंद आणि खोल. मानेवर छेद घेऊन केली तर व्रण राहतो, मात्र रक्तवाहिन्या आणि चेहऱ्याची नस डोळ्यांसमोर ठेवून काम करता येते. ती नस दुखावली तर ओठाचा कोपरा वाकडा होऊ शकतो. म्हणून कोणती वाट आणि का, त्यात धोका काय, हे रुग्णाने विचारावे आणि डॉक्टरने न चिडता सांगावे. बाईंची शस्त्रक्रिया मानेतून झाली. दुखणे पूर्ण शमायला काही आठवडे लागले. आता त्या वर्गात पुन्हा मोठ्याने वाचतात.

हा लेख वाचून प्रत्येकाने आपला घसा चाचपत बसू नये. घशात गोळा अडकल्याची भावना बहुतेकदा आम्लपित्ताने किंवा ताणानेही येते. उलट, तंबाखू आणि मिश्रीच्या आपल्या या मुलखात पहिली शंका कर्करोगाची घ्यायला हवी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला, गिळणे अवघड होत चालले, वजन उतरले किंवा मानेत गाठ लागली, तर एक दिवसही दवडू नका.

खरी अडचण आहे ती वाटण्यांची. दात एकाकडे, मान दुसऱ्याकडे, कान तिसऱ्याकडे, मेंदू चौथ्याकडे. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत प्रामाणिकपणे शोधतो आणि 'माझ्याकडे काही नाही' म्हणून पुढे पाठवतो. पण दुखण्याला हद्द ठाऊक नसते. म्हणून रुग्णाने दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कुठून कुठे जाते, हे एका कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांनी नव्या तपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी तो कागद वाचावा आणि दुखऱ्या जागेला हात लावावा.

आणि सोबत येणाऱ्या आप्तांना एक विनंती. "हिला काही झालेले नाही, उगाच मनाला लावून घेते," हे वाक्य दवाखान्यात येताना चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवा. जाताना ते न्यायचे विसरलात, तर फारच उत्तम.